शेजारचे वचनही वाचा : नगर जिल्ह्यातील पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्व मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच, सेक्रेटरी आणि खजिनदार यांस,

ख्रिस्तात सलाम.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला आहे. चाळीस दिवसांच्या उपासनांचे तक्ते तयार होत असतील, दुःखसप्ताहासाठी बाहेरगावचे वक्ते ठरत असतील, वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी कोणता कोणी घ्यायचा याची वाटणीही झाली असेल. ते सगळे पक्के होण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून आत्ताच लिहिते आहे. मी सेमिनरीत शिकलेली नाही. याच जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद आहे, संडे स्कूलच्या मुलांना शिकवते, आणि रविवारचा उपदेश वही-पेन घेऊन ऐकते. देवाला संतोष होईल असे जगणे म्हणजे काय, हे आपण आम्हाला कसे शिकवता, याविषयी मला बोलायचे आहे.

व्यासपीठावरून आम्ही जे ऐकतो ते असे : दारू सोडा, तंबाखू सोडा, उपासना चुकवू नका, दशमांश द्या, सकाळी उठून शास्त्र वाचा, मुलांना सभेला आणा. यातले काहीच खोटे नाही. दारूने किती संसार बसले हे वस्तीवर राहणाऱ्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. पण मी वही चाळते तेव्हा दिसते की आपण जे वचन वाचता, त्याच्या अलीकडचे किंवा पलीकडचे वचन बहुतेक वेळा वाचायचे राहून जाते. आणि मजुरी, हिशेब, गरिबाचा मान, घरातल्या गड्याशी वागणूक या गोष्टी नेमक्या त्याच वचनांत आहेत.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते इ. स. 50 च्या सुमारास. त्याच्या चौथ्या अध्यायाची सुरुवातच या विषयाने होते. कसे वागावे आणि देवाला कसे संतोषवावे हे तुम्ही आमच्याकडून शिकलात, तसे वागतही आहात, तर त्यात अधिकाधिक वाढत जा, असे तो म्हणतो. पुढे काय येते? आधी देहाची शुद्धता येते, त्यावर आपल्याकडे उपदेश होतो. त्याच दमात, भावाचा गैरफायदा घेऊ नका, असे येते. मग बंधुप्रेम. मग, स्वस्थ राहा, आपापले काम पाहा, आपल्या हातांनी कष्ट करा, म्हणजे बाहेरच्या लोकांत तुमचे वागणे शोभेल. पहिली बारा वचने घर, काम आणि शेजार यांतच फिरतात. उपासनेला किती वेळा यावे, सभा किती तासांची असावी, यातले त्यांत अक्षर नाही. लिहिणारा स्वतः तंबू करून पोट भरत होता आणि मंडळीवर भार नको म्हणून रात्रंदिवस राबत होता.

आता जुन्या करारातला मलाखी संदेष्टा घेऊ. तिसऱ्या अध्यायाचे दहावे वचन आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाही पाठ आहे. सगळा दशमांश भांडारात आणा, म्हणजे मी आकाशकपाटे उघडीन. दानार्पणाच्या आधी ते वाचले जाते, हंगामाच्या उपासनेत वाचले जाते, नव्या बांधकामाचा निधी गोळा करायचा असला की हमखास वाचले जाते. पाच वचने मागे जा. पाचव्या वचनात तोच देव म्हणतो की मी न्याय करायला येतो आहे, आणि कोणाविरुद्ध साक्ष द्यायला येतो आहे हेही सांगतो. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्याच ओळीत मजुराची मजुरी अडवणारे, विधवेला व अनाथाला छळणारे, परक्याचा न्याय बुडवणारे. व्यभिचार आणि मजुरी बुडवणे यांत देवाने अंतर ठेवलेले नाही. आपण ठेवले आहे. पहिल्या पापासाठी आपण माणसाला प्रभुभोजनापासून, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि पेला घेण्यापासून, दूर ठेवतो, दुसऱ्या पापासाठी मी आजवर कोणालाही दूर ठेवलेले पाहिले नाही.

यावर जरा थांबते, कारण आपल्या जिल्ह्यात मजुरी हा परका विषय नाही. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पोरे बरोबर जातात किंवा म्हाताऱ्यांकडे राहतात. त्यांत आपल्या मंडळ्यांची कुटुंबेही आहेत. त्यांचा नाताळ फडावर होतो आणि उपवासकाळ लागतो तेव्हाही बरीच जण पाचटाच्या खोपीतच असतात. इकडे रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे गैरहजर लागते, वर्गणी थकली की पंचांच्या निवडणुकीत मत राहत नाही. तिकडे कोणी पाळक प्रभुभोजन घेऊन फडावर गेल्याचे मी फार क्वचित ऐकले आहे. जे गेले त्यांना माझा मनापासून सलाम. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ज्यांनी शेते कापली त्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे, असे लिहिले आहे. हे वचन ज्यांच्यासाठी लिहिले, ते आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात उभे आहेत. नगर जिल्ह्यात या वचनावर वर्षातून एक तरी उपदेश व्हायलाच हवा.

आणि मजुरी बुडवणारे फक्त मुकादम आणि बागायतदारच नसतात. आपल्यातले पुष्कळजण आता शिक्षक, नर्स, कारकून, बँकेत नोकरीला आहेत. आपल्याही घरी धुणीभांडी करायला बाई येते. तिचे चार खाडे कापताना आपण कॅलेंडर बघतो, पण ती आजारी असताना तिच्याकडे बघायला जात नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, हे जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेने सांगितले आहे. आपण मात्र "पुढच्या महिन्यात एकदम घे" म्हणतो.

मंडळीच्या आवारातही तेच आहे. मंदिर झाडणारा, घंटा वाजवणारा, दफनभूमीची राखण करणारा माणूस महिन्याला काय घेऊन जातो, हे किती सभासदांना माहीत आहे? एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षिकेला एका आकड्यावर सही करून दुसराच आकडा हातात घ्यावा लागत असे. ती रोज सकाळी त्याच शाळेच्या प्रार्थनेत मुलांकडून दहा आज्ञा म्हणून घ्यायची. तिने मला विचारले होते की ‘चोरी करू नको’ ही आठवी आज्ञा म्हणवून घेताना मी कोणाकडे बघू. मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शिकवणे आपले, म्हणजे व्यासपीठाचे, काम आहे.

मार्काच्या शुभवर्तमानातली विधवा दानाच्या प्रत्येक उपदेशात येते. तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, होते ते सगळे टाकले. पण बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी प्रभू काय म्हणतो? शास्त्र्यांपासून सांभाळून राहा, ते लांब झगे घालून मिरवतात, बाजारात नमस्कार घेतात, पुढच्या आसनांवर बसतात, विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांब प्रार्थना करतात. एवढे बोलून तो भांडारासमोर बसतो आणि तीच विधवा येते. प्रभूने तिचे मोल जाणले, हे खरेच. पण अशा बाईच्या शेवटच्या दोन टोल्याही घेणाऱ्या भांडाराविषयी तो आधीच बोलून चुकला होता. तिच्या नावाने दान मागताना हेही वाचले तर खजिनदाराच्या मनात एक भीती राहील, आणि ती भीती बरी आहे. आपल्याकडे हंगामाच्या उपासनेत कोणी कोंबडी आणते, कोणी पायलीभर बाजरी, कोणी अंडी. मग लिलाव होतो, हसतखेळत बोली चढते, निधी जमतो. मला तो दिवस फार आवडतो. फक्त, बाजरी आणणाऱ्या त्याच म्हातारीच्या घरी मार्च-एप्रिलात पीठ आहे का, हे विचारायला मंडळीतून कोण जाते?

आता प्रभुभोजनाकडे येते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले शब्द प्रत्येक प्रभुभोजनाला वाचले जातात, तेविसाव्या वचनापासून. अयोग्य प्रकारे भाकर खाऊ नका, पेला पिऊ नका, स्वतःची परीक्षा करा. आम्हाला लहानपणापासून वाटते की अयोग्य म्हणजे मनातले वाईट विचार, आठवड्यात झालेले भांडण, चोरून ओढलेली बिडी. विसाव्या वचनापासून वाचा. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी येऊन आपापले जेवत, आणि कष्टकरी मागून येत ते उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौल विचारतो. अयोग्यपणाची सारी चर्चा तिथून निघाली आहे. गरिबाला खाली पाहायला लावून घेतलेली भाकर ही अयोग्य भाकर आहे.

आपल्याकडे हे कुठे घडते ते आपण सगळेच जाणतो. एकाच पेल्याला ओठ लावणारी दोन घरे सोयरीक जुळवायची वेळ आली की हळूच विचारतात, "मूळचे कोण हो तुम्ही?" अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरला 1831 साली उघडले, त्याला जवळपास दोनशे वर्षे होत आली, आणि हा प्रश्न अजून आपल्या ओसरीवर बसून आहे. दुसरीकडे, दरवर्षी 10 ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो, कारण 1950 च्या त्या तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधव आत घेतले गेले, आपण बाहेरच राहिलो. ती मागणी न्यायाची आहे, मी स्वतः त्यासाठी उभी राहते. पण सरकारदरबारी आपण म्हणतो की बाप्तिस्मा घेतला तरी समाज आम्हाला जातीनेच वागवतो, आणि घरी परत येऊन आपणच एकमेकांना जातीने वागवतो. देवासमोर हे कसे टिकेल?

लक्ष्मीबाई टिळक नगरच्या मातीत वावरलेल्या बाई. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुढे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे सोडले नव्हते, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले होते. मग स्वतःच विचार करून त्या या निर्णयाला आल्या की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत, आणि त्यांनी सर्वांच्या हातचे खायला सुरुवात केली. ध्यानात घ्या, हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी झाले. त्यांचा बाप्तिस्मा पुढे 1900 साली झाला. पाण्याच्या घागरीशी उभे राहून त्यांनी जे सोडले, ते सोडायला आपल्याला चार पिढ्या पुरल्या नाहीत.

अशीच निवड करून आपण आपला इतिहासही सांगतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, दौंडजवळच्या केडगावात, 1905 साली जे आत्मिक संजीवन झाले त्याची आठवण प्रत्येक संजीवन सभेत निघते. रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, पश्चात्ताप करणाऱ्या मुली. हे सगळे खरे आहे आणि मोठे आहे. पण ज्या मुली तिथे प्रार्थना करत होत्या त्या आल्या कुठून? 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या, 1900 च्या दुष्काळात पुन्हा आणखी मुली आल्या. त्यांना आधी अन्न दिले, अंगभर कपडा दिला, मग अक्षर दिले आणि हाताला काम दिले. तिथे विणकाम होते, तेलाचा घाणा होता, शेती होती, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल शिकवले जात होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या बाईला पिठाचा आणि सरपणाचा हिशेब खालच्या दर्जाचा वाटला नाही. संजीवन त्या माग-घाण्यांच्या घरात उतरले. आपण संजीवनाचा मंडप उभारतो, आणि माग-घाण्यांचा विषय निघाला की ते सामाजिक कार्य आहे म्हणून बाजूला ठेवतो.

बाहेरच्या लोकांत वागणे शोभावे, हे पौलाचे म्हणणे मी वर लिहिले. नगरमध्ये त्याचा मोठा दाखला आहे. सिंथिया फरार ही अमेरिकेहून आलेली अविवाहित बाई 1839 पासून नगरात मुलींच्या शाळा चालवत होती, 1862 साली इथेच तिचा अंत झाला. जोतिराव फुले तिची शाळा पाहून गेले आणि पुण्यात 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, उपदेश ऐकायलाही ते आले नव्हते. त्यांनी मुलींना पाटी-पेन्सिल घेऊन बसलेले पाहिले. आज बाहेरचा माणूस आपल्या आवारात आला तर त्याला काय दिसते? बऱ्याच ठिकाणी दोन गट, दोन कुलुपे, दोन सेक्रेटरी, धर्मादाय आयुक्तांकडे अडकलेले अर्ज आणि कोर्टात चाललेला जमिनीचा दावा. पौलाने करिंथकरांना विचारले होते की, तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? अन्याय सोसून का घेत नाही? तो सहावा अध्याय आपल्या सभांत कधी वाचला गेल्याचे माझ्या वहीत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रभूने साफ सांगितले आहे की वेदीजवळ आल्यावर आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन दान दे. देव दानासाठी थांबायला तयार आहे. आपण थांबत नाही.

मला माहीत आहे, काही पाळकसाहेब म्हणतील की ताई, तारण कृपेने आहे, कर्माने नाही, तुम्ही लोकांना कर्मकांडाकडे नेता आहात. मी तारणाविषयी बोलतच नाही. विश्वासावाचून देवाला संतोषवणे अशक्य आहे, हे इब्री पत्र सांगते आणि मी ते मानते. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराकडे पाहा. तो चांगला वागला म्हणून प्रभू त्याच्याकडे उतरला नाही. आधी प्रभूने त्याला नावाने हाक मारली, आज मला तुझ्या घरी राहायचे आहे असे म्हटले, आणि त्याच्या घरी गेला. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि अर्धे धन गरिबांना, ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट, असे बोलला. कृपा घरात आली आणि तिने थेट हिशेबाच्या वहीला हात घातला. आपल्या घरांत कृपा येऊन इतकी वर्षे झाली असतील तर ती वह्यांपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न तारणाच्या शिकवणीतूनच उभा राहतो.

म्हणून या उपवासकाळासाठी माझी विनंती आहे. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय पहिल्याच उपासनेत संपूर्ण वाचावा. उपासाच्या दिवशी तुम्ही आपले काम साधता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता, असे देव तिथे म्हणतो. पुढे भुकेल्याला आपली भाकर वाटणे, निराश्रिताला घरात घेणे, उघड्याला पांघरूण घालणे, हाच उपास मला पसंत आहे असे सांगतो. मग प्रत्येक कुटुंबाला एवढेच सांगावे की उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आत ज्याची मजुरी, पगार किंवा उसनवार आपल्याकडे थकली आहे त्याची ती चुकती करावी. मंडळीचे जमाखर्चही त्याच काळात वाचून दाखवावे, आणि त्यात मंडळीच्या सर्वांत कमी पगाराच्या सेवकाला काय मिळते तो आकडा मोठ्याने वाचावा. फडावर गेलेल्या सभासदांची यादी करून पाळकसाहेबांनी एक फेरी तिकडे करावी, प्रभुभोजन बरोबर न्यावे, आणि वर्गणी थकली म्हणून त्यांचे मत काढून घेऊ नये. जिथे दावे चालू आहेत तिथल्या दोन्ही बाजूंच्या पंचांनी दुःखसप्ताहातल्या गुरुवारच्या प्रभुभोजनाआधी एका खोलीत, वकिलांशिवाय, एकदा तरी बसावे.

माझ्या मंडळीच्या वार्षिक सभेत यातल्या जमाखर्चाच्या आणि मताच्या गोष्टी मी ठराव म्हणून मांडणार आहे. सूचक म्हणून माझे नाव राहील, अनुमोदनाला महिला मंडळातल्या दोघी तयार आहेत. आपापल्या मंडळीत तो कोणा सभासदाने मांडण्याची वाट न पाहता पाळकांनी आणि पंचांनीच मांडावा, एवढे मागते.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण,
नगर जिल्ह्यातील एका मंडळीची सभासद